मशीन कधी येणार, बॉस?

टी-शर्ट प्रिंटिंगचा स्वतःचा सेटअप टाकायचाय? मग ब्रँडचं नाव, लोगो, इन्स्टाचं पेज हे सगळं नंतर. आधी दोन प्रश्न सोडवा. मशीन घ्यायचं मोठ्या कंपनीकडून की गल्लीतल्या वर्कशॉपमधून? आणि ते खरोखर कधी दारात उभं राहणार?

सोमवार ते शुक्रवार हिंजवडी नाहीतर बीकेसी, आणि वीकेंडला डोक्यात एकच किडा. आपलं स्वतःचं काहीतरी हवं! कॅफेचा विचार भाड्याचा आकडा ऐकून गळपटतो, ट्रॅव्हल कंपनीचा विचार दुसऱ्याच मीटिंगला बारगळतो. उरतो टी-शर्ट. कोरा माल तिरुपूरहून येतो, डिझाइन करणारा दोस्त ग्रुपमध्ये असतोच, आणि गिऱ्हाईक? ते तर आजूबाजूलाच आहे. गोविंदा पथकं, ढोलताशा पथकं, गणपती मंडळं, कॉलेज फेस्ट, ऑफिसच्या ऑफसाइट, मॅरेथॉन, सोसायटीची क्रिकेट लीग. आपल्या शहरांत टी-शर्टाशिवाय कुठलाही उत्साह पूर्ण होत नाही.

तसा हा धंदा मराठी घरांना नवा नाही. आधीच्या पिढीत लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्ड छापणारा एखादा काका प्रत्येक नात्यागोत्यात असायचा. लाकडी फ्रेमवर ताणलेलं नायलॉनचं कापड, खाली ट्यूबलाइट लावलेलं काचेचं टेबल, रबराची स्क्वीजी आणि घरभर थिनरचा वास. एवढ्यावर संसार चालले. तत्त्व आजही तेच आहे. जाळीवर इमल्शन लावायचं, डिझाइनची फिल्म ठेवून प्रकाश द्यायचा, जिथे प्रकाश पडला नाही तिथलं इमल्शन धुऊन काढायचं आणि त्या उघड्या जाळीतून शाई ढकलायची. अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये मेरिलिन मन्रोचे चेहरे छापले तेही ह्याच पद्धतीने. फरक पडला तो कपड्यावर एकापेक्षा जास्त रंग पटापट छापायची गरज आली तेव्हा. मायकल व्हॅसिलँटोन ह्या अमेरिकन माणसाने १९६० च्या सुमारास गोल फिरणारं बहुरंगी मशीन आणलं, १९६९ मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि आज ज्याला आपण ‘फोर बाय फोर’ म्हणतो त्या चार रंग-चार स्टेशनच्या चरख्याचा तो खापरपणजोबा.

आता कुणीतरी म्हणेल, हल्ली डीटीएफ आलंय की! फिल्मवर छापा, हीट प्रेसखाली दाबा, झालं. बरोबर. पाच-दहा शर्टांसाठी, फोटोसारख्या डिझाइनसाठी डीटीएफच घ्या, उगाच हट्ट नको. पण एका मंडळाचे पाचशे शर्ट, दोन रंग, एकच डिझाइन, असं काम आलं की स्क्रीनचा खर्च पाचशेंत वाटला जातो आणि पुढे प्रत्येक शर्टाला लागते फक्त शाई आणि हात. अशा कामात स्क्रीनला अजून तोड नाही. म्हणूनच मशीन घ्यायचं. आणि इथूनच टेन्शन सुरू.

‘चार ते सहा आठवडे’ म्हणजे नेमके कधीपासून?

कोटेशन मागा. खाली एक ओळ असतेच, ‘डिलिव्हरी : चार ते सहा आठवडे’. वाचायला किती गोड वाटतं! पण हे आठवडे मोजायला सुरुवात कधी करायची? तुम्ही फोनवर ‘हो’ म्हणालात त्या दिवशी? अ‍ॅडव्हान्स खात्यात जमा झाला त्या दिवशी? की प्लॅटनचा साइज, व्होल्टेज, रंग हे सगळं तुम्ही लेखी कन्फर्म केलंत त्या दिवशी? बहुतेक ठिकाणी ह्यातला शेवटचा अर्थ निघतो. आणि संपतात कधी? मशीन त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडलं की त्यांच्या लेखी डिलिव्हरी झाली. ट्रान्सपोर्ट तुमचा, उतरवायची माणसं तुमची, फिटिंगवाला यायची वाट तुम्ही बघायची.

म्हणून सप्लायरच्या डिलिव्हरीची तारीख वहीत लिहूच नका. लिहायची ती एकच तारीख : विकता येईल असा पहिला शर्ट कधी निघेल? त्या तारखेच्या आणि डिलिव्हरीच्या मधे काय काय येतं बघा. वाहतूक. गाळ्यात चढवणं. फिटिंग. वीज. मग शिकणं. हो, शिकणं! दोन रंग एकमेकांवर नीट बसवायला, म्हणजे रजिस्ट्रेशन जमायला, नवख्या हाताला दिवस लागतात, आणि त्या दिवसांतले शर्ट पायपुसणी होतात. दोन आठवडे आणि एक गठ्ठा स्वस्तातला माल ह्यासाठी बाजूला ठेवा. यूट्यूबवर सगळं सोपं दिसतं, कारण तिथे वाया गेलेले शर्ट कापून टाकलेले असतात.

मुंबईकर आणि कोकणवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. मशीन जुलैत आलं तर तुम्ही वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेत शिकायला बसणार. इमल्शन लावलेली स्क्रीन नीट सुकली नसेल तर एक्स्पोज करताना घोळ होतो. डिझाइनच्या कडा सुटतात, बारीक भोकं पडतात, धुताना इमल्शनच निघून येतं. पावसाळ्यात बंद खोली, पंखा आणि जमलं तर डीह्युमिडिफायर लागतो. अनुभवी माणूस हे सांभाळून घेतो, नवखा मात्र मशीनला शिव्या घालतो. बिचाऱ्या मशीनचा दोष नसतो.

मग सीझन कधीचा? आपल्याकडे टी-शर्टाचा मोठा हंगाम गोकुळाष्टमी ते अनंत चतुर्दशी. आणि ही तारीख दरवर्षी सरकते. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ ची १४ सप्टेंबरची, कारण त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला. अठरा दिवसांचा फरक! प्रिंटिंगवाल्याच्या दृष्टीने हे अठरा दिवस म्हणजे मशीन फिट होऊन हात बसण्याइतका वेळ. सप्लायरशी बोलण्याआधी कालनिर्णय उघडा, हसू नका, खरंच उघडा. सीझनच्या तारखेपासून उलटे मोजत या. शेवटचे चार आठवडे छपाईचे, त्याआधी दोन शिकण्याचे, एक फिटिंगचा, एक वाहतुकीचा, आणि त्याआधी सप्लायरने सांगितलेला वेळ अधिक त्याचा निम्मा. सहा आठवडे सांगितले असतील तर नऊ धरा. झाले एकूण सतरा. म्हणजे सप्टेंबरच्या गणपतीसाठी मे महिन्यात पैसे भरलेले हवेत. जूनअखेरीस ‘चला, या वर्षी गोविंदाचे शर्ट करू’ म्हणणाऱ्यांनी या वर्षी कुणाकडून तरी जॉबवर्क करून घ्यावं आणि मशीन निवांत घ्यावं.

(जाता जाता : मंडळांच्या ऑर्डरी मुळातच उशिरा येतात. समोरच्या बाजूचं डिझाइन महिनाभर आधी तयार असतं, पण पाठीवर कुणाचा फोटो येणार ते स्पॉन्सर ठरेपर्यंत कळत नाही. त्यामुळे तुमच्या हातात खरे दिवस कमीच.)

मोठा मासा, छोटा मासा

आता दुसरा प्रश्न. जगात ह्या क्षेत्रातली मोठी नावं आहेत : अमेरिकेतली एम अँड आर, ऑस्ट्रियाची एमएचएम, पोर्तुगालची रॉक. आपल्याकडे वसईची ग्राफिका फ्लेक्सट्रॉनिका हे मोठं नाव. त्यांच्या खाली मधल्या आकाराचे बनवणारे आणि बाहेरून मशिनं आणून विकणारे ट्रेडर. आणि सगळ्यात खाली इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एखाद्या गाळ्यात पाच-सात माणसं घेऊन वेल्डिंग, टर्निंग, फिटिंग करणारा फॅब्रिकेटर. फोन तोच उचलतो, कोटेशन तोच देतो, टेम्पोत मशीन चढवायलाही तोच हात लावतो.

सगळ्यांना वाटतं मोठी कंपनी म्हणजे वेळेवर, छोटा म्हणजे उशीर. तितकं सरळ नाही हो. मोठ्या कंपनीचं खरं प्रेम आहे मोठ्या ऑटोमॅटिकवर. तिरुपूरचा एखादा निर्यातदार बारा रंगांचं ऑटोमॅटिक घेतो तेव्हा इंजिनियर आधी तिथे जाणार, की तुमच्या चार रंगांच्या हँड मशीनकडे? तुमचं मशीन त्यांच्याकडे तयार स्टॉकमध्ये असेल तर सॉलिड, चार दिवसांत ट्रकमध्ये. पण ते ऑर्डरवर बनणार असेल तर तुम्ही रांगेत, आणि रांगेत पुढे कोण आहे ते तुम्हाला दिसत नाही. ‘स्टॉकमध्ये आहे’ असं ऐकलं की पुढचा प्रश्न ताबडतोब विचारा : कुठल्या गोडाऊनमध्ये? सीरियल नंबर काय? आज त्याचा व्हिडिओ पाठवता का? स्टॉक खरा असेल तर संध्याकाळपर्यंत व्हिडिओ येतो.

छोट्याचं गणित उलटं. त्याच्यासाठी तुम्ही मोठं गिऱ्हाईक. तुम्हाला लहान मुलांच्या शर्टांसाठी अरुंद प्लॅटन हवेत, स्टँडची उंची दोन इंच कमी हवी, तो म्हणेल ‘करून देतो साहेब’, आणि खरंच करून देतो. भावही कमी. पण त्याच्या आठवड्यांना कशाचाच आधार नसतो. लेझर कटिंग तो बाहेरून करून घेतो, पावडर कोटिंग बाहेरून, बेअरिंग हाऊसिंगचं मशीनिंग कदाचित तिसऱ्याकडून. ह्यातला एक जरी रखडला की तुमचं मशीन गाळ्यात अर्धवट उभं. शिवाय माणसं! पाच कारागिरांतले तीन उत्तरेकडचे असतील तर दिवाळीला गेलेले छठपूजा झाल्यावरच परत येतात. दिवाळीच्या तोंडावर दिलेली ऑर्डर डिसेंबरात मिळाली तर त्यात कुणाची लबाडी नाही, कॅलेंडरच तसं आहे.

लबाडी असते ती वेगळी. तुमच्या अ‍ॅडव्हान्समधून आधीच्या गिऱ्हाइकाच्या मशीनचं लोखंड आणणं. आणि तुमच्या मशीनचं लोखंड पुढच्या गिऱ्हाइकाच्या अ‍ॅडव्हान्समधून. भांडवल कमी असलेला चांगला माणूसही ह्या चक्रात सापडतो. ओळखायचं कसं? प्रत्यक्ष जा. एक सुट्टी त्यासाठी घालवा. वर्कशॉपमध्ये आत्ता किती मशिनं बनतायत, त्यांतली किती एकाच अवस्थेत अडकलीयत, कच्चा माल रॅकवर दिसतोय का, ते डोळ्यांनी बघा. सहा मशिनांचे सांगाडे धूळ खात उभे असतील आणि एकावरच काम चालू असेल, तर सातवा सांगाडा तुमचा होणार.

आणि मोठा असो की छोटा, गेल्या सहा महिन्यांत मशीन घेतलेल्या तिघांचे नंबर मागा. त्यांना ‘मशीन कसं आहे?’ विचारू नका, सगळे ‘छान आहे’ म्हणतात. विचारायचं ते असं : किती आठवडे सांगितले होते, आणि किती लागले? दोन आकडे. तिघांचे सहा आकडे झाले की कंपनीचा आकार किती मोठा ह्याला फारसं महत्त्व राहत नाही.

ट्रेडरचा मुद्दा राहिला. त्याच्याकडे मशीन ह्या आठवड्यात मिळेल, झकास वाटेल, पण दोन वर्षांनी तो मशिनं विकत असेल की मोबाईलची कव्हरं, हे तुम्हीच तपासायचं. मोठी एक्झिबिशन्स हा मात्र मस्त प्रकार. स्क्रीन प्रिंट इंडियासारख्या प्रदर्शनात पाच सप्लायर एका दिवसात बघून होतात, मशीन चालताना दिसतं, आणि शेवटच्या दिवशी डेमोचं मशीन परत वाहून नेण्यापेक्षा तिथेच विकून टाकायला बरेच जण तयार असतात. डिलिव्हरी लगेच, भाव कमी. फक्त तीन दिवस शेकडो लोकांनी त्याचे हात ओढलेले असतात, ते लक्षात ठेवून तपासा.

तपासायचं कसं? सोपं आहे. प्रिंटिंग हेडचा हात खाली लॉक करून डावीकडे-उजवीकडे हलवा. खटखट वाजला, सरकला, तर विषय संपला. मग एक अधिकचं चिन्ह छापा, चरखा तीस वेळा गरगर फिरवा, आणि पुन्हा त्याच शर्टावर छापा. रेघेवर रेघ बसली तर पुढचं बोला. मशीन नवं असताना सगळीच बसवतात. म्हणून शक्य असेल तर हीच टेस्ट त्या सप्लायरच्या दोन वर्षं वापरलेल्या मशीनवर करा.

आठवड्याचा भाव काढा

आता पैशाची गोष्ट, कारण नोकरी सोडायची की नाही ते ह्यावर ठरणार. समजा, तुम्ही पाच लाखांचं कर्ज घेतलंय, ११ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. ईएमआय साधारण १०,९०० रुपये. गाळ्याचं भाडं १५ हजार धरू, मदतनीसाचा पगार १४ हजार. महिन्याचे झाले ३९,९००. म्हणजे मशीन नसलेला प्रत्येक आठवडा तुम्हाला सव्वानऊ हजारांच्या आसपास पडतो. हा तुमचा आठवड्याचा भाव.

छोटा सप्लायर ४० हजारांनी स्वस्त आहे पण सहा आठवडे उशिरा देणार? सहा गुणिले सव्वानऊ, पंचावन्न हजारांच्या वर. म्हणजे स्वस्त तोच महाग पडला. उलट तीन आठवड्यांचाच फरक असेल तर सत्तावीस-अठ्ठावीस हजार, मग छोट्याकडूनच घ्या की. आणि तुम्ही अजून नोकरीतच असाल, गाळा घेतला नसेल, कर्ज उचललं नसेल, तर तुमचा आठवड्याचा भाव जवळपास शून्य! अशा माणसाने घाईसाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. घाईचे पैसे ज्याला घाई आहे त्यानेच द्यावेत. पण सीझन मधे येत असेल तर हा हिशेब बदलतो, कारण गणपती हुकला तर नुसतं भाडं जात नाही, मंडळंच जातात. एकदा दुसऱ्याकडे गेलेलं मंडळ पुढच्या वर्षीही तिकडेच जातं.

एक मात्र करा. बँकेकडून मशीनसाठीचे पैसे बऱ्याचदा थेट सप्लायरच्या खात्यात जातात, आणि ते गेले की तुमच्या व्याजाचं मीटर सुरू. मशीन लोखंडाच्या रूपात असताना पूर्ण रक्कम सोडायला लावू नका. टप्प्याटप्प्याने देता येईल का, सुरुवातीचे काही महिने हप्त्याला सवलत मिळेल का, हे सही करायच्या आधी विचारायचं. मुद्रा योजनेत किशोर गटात पाच लाखांपर्यंत, तरुण गटात दहा लाखांपर्यंत कर्ज मिळतं. सुरुवातीच्या सेटअपला किशोर पुरेसं होतं.

सगळं एकाच वेळी यायला हवं असंही नाही. सेटअप म्हणजे नुसता चरखा नव्हे : एक्स्पोजर युनिट, फ्लॅश ड्रायर, क्युरिंगचा कन्व्हेयर, स्क्रीन धुवायची जागा. पाचांतली चार आली आणि पाचवी अडकली तर चारही शोभेची, ही भीती असते. पण ह्यातल्या काहींना पर्याय आहे. स्क्रीन बाहेरून एक्स्पोज करून मिळतात, मुंबई-पुण्यात जॉबवर स्क्रीन बनवणारे पुष्कळ आहेत. म्हणजे एक्स्पोजर युनिट शेवटी आलं तरी काम अडत नाही. कन्व्हेयर नसेल तर पहिले शे-दोनशे शर्ट हीट प्रेसने पिकवता येतात, थोडं किचकट आहे पण होतं. चरख्याला मात्र पर्याय नाही. म्हणून उशिराची जोखीम घ्यायचीच असेल तर ती एक्स्पोजर युनिटवर घ्या, चरख्यावर नको.

माझं मत विचाराल तर, कन्व्हेयर ड्रायर मोठ्या, नावाजलेल्या माणसाकडून आणि हँड मशीन चांगल्या छोट्या फॅब्रिकेटरकडून ही जोडी बरी. कारण साधं आहे. प्लास्टिसोल शाई साधारण १६० अंश सेल्सियसला पूर्ण पिकते, आणि ती सगळ्या जाडीत पिकायला हवी. ड्रायरच्या एका कडेला उष्णता कमी पडली तर शर्ट दिसायला झक्कास, आणि तीन धुण्यांत छाती कोरी. ही चूक तुम्हाला गाळ्यात दिसत नाही, गिऱ्हाइकाच्या वॉशिंग मशीनमध्ये दिसते. हँड मशीन म्हणजे शेवटी बेअरिंग, स्प्रिंग आणि लोखंड. ते बिघडलं तर जवळचा वेल्डर दुरुस्त करतो.

बेअरिंगवरून आठवलं. सुटे भाग कुठले वापरलेत ते लिहून घ्या. बेअरिंग स्टँडर्ड नंबरचं असेल तर ते नागदेवीला किंवा बोहरी आळीत मिळेल, कॉन्टॅक्टर आणि टेम्परेचर कंट्रोलर लोहार चाळीत. असं मशीन बनवणारा उद्या दुकान बंद करून गावी गेला तरी तुमचं काम थांबत नाही. उलट मोठ्या कंपनीचं मशीन, पण त्यातलं कंट्रोल कार्ड फक्त त्यांच्याकडेच मिळणारं, आणि ते यायला तीन आठवडे, असं असेल तर? डिलिव्हरी टाइम फक्त मशीनचा विचारू नका, सुट्या भागांचाही विचारा. मशीन एकदाच येतं, पार्ट वर्षानुवर्षं यावे लागतात.

समुद्रापलीकडून मागवताय?

‘इम्पोर्टेडच घेऊ यार, एकदाच काय ते होऊन जाईल.’ ग्रुपमध्ये असा एक असतोच. घ्या, पण वेळेचं भान ठेवून. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे एकच जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं झालं आणि जगभरची डिलिव्हरी शेड्यूल्स कोलमडली. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, आणि युरोपहून आपल्याकडे येणारी बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली. तुमच्या ऑस्ट्रियन सप्लायरचा ह्यात काडीचाही दोष नव्हता, पण मशीन तर उशिरा आलंच ना. चीनमधून येणाऱ्या मालाला सुएझचा प्रश्न नाही, तिथे चिनी नववर्ष आहे. जानेवारी-फेब्रुवारीत कारखाने बंद होतात, आणि सुट्टीच्या आधी घाईघाईत जे निघतं त्याची फिनिशिंग देवच जाणे.

भाव कुठपर्यंतचा आहे तेही बघा. एफओबी म्हणजे त्यांच्या बंदरात जहाजावर चढवण्यापर्यंत, पुढचं भाडं आणि विमा तुमचा. सीआयएफ म्हणजे भाडं-विमा धरून न्हावा शेवापर्यंत. पण कस्टम ड्युटी, आयजीएसटी, क्लिअरिंग एजंट, ट्रक हे त्यातही नाही. इम्पोर्टर कोड आधीच काढून ठेवा. कागद अपुरे म्हणून कंटेनर बंदरात पडून राहिला तर त्याचं भाडं दिवसागणिक चढतं, आणि तो मीटर रिक्षाच्या मीटरपेक्षा जोरात पळतो.

आणि विजेचं! अमेरिकेत ६० हर्ट्झ आणि साध्या प्लगला १२० व्होल्ट, आपल्याकडे ५० हर्ट्झ आणि २३०. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर लावून बदलता येतं, हर्ट्झ नाही, आणि मोटरची चाल त्यावर असते. ऑर्डरमध्ये ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ’ हे शब्द लिहून घ्या. मोठ्या ड्रायरला थ्री फेज लागतो. गाळ्यात तो नसेल तर महावितरणकडे अर्ज मशीनच्या अ‍ॅडव्हान्सच्या आधी करा, नंतर नको.

सही करण्याआधी

गोड बोलणं चहापुरतं. पर्चेस ऑर्डर लेखीच, मग सप्लायर मामाचा मुलगा का असेना. त्यात डिलिव्हरीची तारीख घाला, ‘चार ते सहा आठवडे’ नव्हे. आणि एक वाक्य घाला : ह्या व्यवहारात वेळ हा मूलभूत मुद्दा आहे. ही नुसती शोभा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ प्रमाणे वेळ मूलभूत असेल आणि ती पाळली गेली नाही, तर खरेदीदाराला करार रद्द करता येतो. उशिराला दर आठवड्याला किती टक्के कापणार तेही लिहा, वाजवी लिहा, कारण कलम ७४ मुळे कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, लिहिलेल्या आकड्याच्या आत. पैशाचे टप्पे पाडा. समजा तीस टक्के ऑर्डरला, साठ टक्के मशीन त्यांच्या कारखान्यात चालताना बघितल्यावर, आणि शेवटचे दहा टक्के तुमच्या गाळ्यात फिटिंग होऊन टेस्टचा शर्ट नीट निघाल्यावर. हे शेवटचे दहा टक्के म्हणजे फिटिंगवाला वेळेवर येण्याची खरी गॅरंटी. छोटा सप्लायर ह्यावर कुरकुरेल, मोठा म्हणेल ‘आमची पॉलिसी नाही’. पाच टक्क्यांवर तोडगा निघतो.

आणि फसवणूक झालीच तर? धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही असं सगळे सांगतात. अर्धसत्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये एक सोय आहे : केवळ स्वयंरोजगारातून स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’मध्ये मोडत नाही. तुम्ही स्वतः स्क्वीजी ओढणार असाल तर हा रस्ता मोकळा राहू शकतो. दहा माणसं लावून कारखाना काढणार असाल तर दिवाणी कोर्ट, आणि तिथल्या डिलिव्हरी टाइमबद्दल न बोललेलं बरं.

शेवटचं, टेप घेऊन करायचं काम. फोर बाय फोर चरखा फिरायला आठ-नऊ फुटांचं वर्तुळ मोकळं लागतं, शिवाय भोवती माणूस उभा राहायला जागा. ड्रायरची बॉडी सुटी होते का, नसेल तर गाळ्याच्या शटरमधून ती आत जाते का, मालाच्या लिफ्टमध्ये बसते का, हे ऑर्डरच्या आधी मोजा आणि मापं सप्लायरला व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा. उंचीही लिहा.